आमसुलांनी घासलेलं रिव्हॉल्व्हर

आमच्या घरात एक रिव्हॉल्व्हर होतं आणि ते भांड्यांबरोबर घासलं जायचं. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना अर्धं खोटं वाटतं आणि उरलेलं विनोदी. दोन्ही खरं आहे, आणि त्यात विनोदी किती होतं ते मलाही फार उशिरा कळलं.

रिव्हॉल्व्हर आजोबांचं. आजोबा इंग्रजांच्या काळात दाभोळच्या बंदरावर मीठ खात्यात होते. म्हणजे नेमके काय होते, हे घरात कुणी स्पष्ट सांगत नसे. बाबांच्या बोलण्यात ते कधी इन्स्पेक्टर असत, कधी हवालदार, आणि पाहुणे फारच भोळे असले तर थेट साहेबाचे उजवे हात. त्यांच्या गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना खूश होऊन त्यांना हे रिव्हॉल्व्हर दिलं. माझं मत असं, की साहेबाला बोटीवर ओझं जड झालं असावं.

ते घेऊन आजोबा संगमेश्वराजवळच्या आमच्या गावी आले आणि त्याच वर्षी गोठ्यात वाघ शिरला. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, तेवढीच शोभा. आजोबांनी एका गोळीत तो आडवा केला. गोठ्याच्या दाराच्या चौकटीला बोट जाईल एवढं भोक होतं, ते गोळीचं. लहानपणी मी त्यात बोट घालून पाहिलं तेव्हा आतून एक भुंगा बाहेर आला. बाबा म्हणाले, भुंगा नंतर राहायला आला असणार.

बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. पस्तीस वर्षं त्यांनी जिल्हाभर पोरांना शिकवलं आणि धडा कुठलाही असो, गाडी शेवटी वाघावर यायची. पानिपतावर सुरू झालेला तास आमच्या गोठ्यात संपायचा. वाघ दर वर्षी थोडा वाढे. निवृत्त होऊन बाबा रत्नागिरीत स्थायिक झाले तोवर तो शेपटासकट आमच्या पडवीपेक्षा लांब झाला होता.

रत्नागिरीच्या त्या चिऱ्याच्या तीन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: बाबा, मी आणि आत्या. आई मी कॉलेजात असताना गेली. मी टायपिंगच्या क्लासात शिकवायची, आणि वय एकोणतीस असल्यामुळे अधूनमधून मला बघायला माणसं यायची आणि चहा पिऊन जायची. आत्या बाबांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. तिचं सासर मंडणगडाकडे. विशीच्या आतच ती माहेरी परत आली आणि पुन्हा गेली नाही. का गेली नाही, याचं घरातलं उत्तर एकच होतं: देवाने कौल दिला. आमच्याकडे देवाने कौल दिला म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं की कज्जे मिटतात, लग्नं ठरतात, विहिरी खणल्या जातात. एक बाई माहेरी राहिली तर त्यात काय मोठंसं. मला ते पटत होतं असं नाही, पण मीही कधी विचारलं नाही.

रिव्हॉल्व्हरची देखभाल आत्याकडे. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, कुदळ, विळी, बाबांचं शाईचं पेन, मी नोकरीला लागल्यावर माझा टाइपरायटर, आणि मधोमध पाटावर रिव्हॉल्व्हर. आदल्या दिवशी आत्या मागच्या दारी बसायची. सोलकढी करून उरलेली आमसुलं ती वर्षभर एका करवंटीत साठवायची. तांब्या-पितळेला आमसूल लावतात हे सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे. आत्या ते लोखंडालाही लावायची. आमसूल, वर चुलीतली राख, वर काथ्या, आणि मग असा काही हात चालायचा की मागच्या दारची मांजर उठून जायची. रिव्हॉल्व्हर चांदीच्या अत्तरदाणीसारखं लखलखायचं. त्यावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. बाबा अभिमानाने म्हणायचे, "बघा, पन्नास वर्षं झाली, कालच घेतल्यासारखं ठेवलंय."

चाप मात्र ओढायचा नाही. खेळातसुद्धा नाही, रिकामं असतानाही नाही. आजोबांचा दंडक होता. कारण? देवाचा कौल. हे उत्तर आत्याच्या प्रश्नालाही चालत होतं आणि चापाच्याही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण घरातल्या गोष्टी आपण पाढ्यांसारख्या पाठ करतो, त्यांचा गुणाकार करून बघत नाही.

ज्या वर्षी आमच्या आळीत पहिला टीव्ही आला, त्या वर्षी बाबांचा परवाना नूतनीकरणाला गेला आणि तिकडून कागद आला. अर्जदाराचं वय पाहता हत्यार बाळगण्याचं कारण कळवावं. बाबांनी सुवाच्य अक्षरात कळवलं: वाघ. पुढचा कागद जरा कोरडा होता. परवाना वाढवता येत नाही. हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकावं किंवा सरकारजमा करावं. सरकारजमा म्हणजे काय, ते बाबांनी कचेरीत जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनाने सरळपणे सांगितलं, की अशी जमा झालेली जुनी हत्यारं शेवटी वितळवतात.

बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. ताटात बांगड्याचं तिखलं असताना बाबा जेवले नाहीत, ही आमच्या घरात वाघ येण्याइतकीच मोठी घटना होती.

मग मुंबईहून एका चुलत काकांनी कळवलं, की जुनी हत्यारं जमवणारे शौकीन असतात. ते काचेच्या कपाटात ठेवतात, खाली माहितीची पट्टी लावतात. बाबांचे डोळे पुन्हा चमकले. काचेचं कपाट, आणि खाली आपल्या वडिलांचा वाघ! त्यांनी तांबड्या शाईत पट्टीचा मजकूर तयार केला आणि मला टाइप करायला लावला. 'या शस्त्राने एका शूर कोकणी गृहस्थाने एका गोळीत नरभक्षक वाघाचा वध केला.' मी म्हटलं, "बाबा, नरभक्षक कधी झाला तो?" ते म्हणाले, "तू टाइप कर."

मी हसत होते, पण बाबांचं हसण्यावारी नव्हतं. त्यांना वडील नीटसे आठवतही नव्हते. आजोबा गेले तेव्हा बाबा जेमतेम सात वर्षांचे. वडिलांचा म्हणून त्यांच्याकडे एक हार घातलेला फोटो होता, एक वाघ होता आणि हे रिव्हॉल्व्हर. ते भट्टीत गेलं असतं तर वाघ एकटा किती दिवस टिकणार?

काकांच्या ओळखीने कोल्हापुराहून एक कारागीर यायचे ठरले. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली, परवाना असलेले, आणि मुंबईच्या शौकिनांसाठी जुना माल पारखून देणारे. त्यांनी हो म्हटलं तर काचेचं कपाट, नाही म्हटलं तर भट्टी. दसरा होऊन आठवडा झाला होता. रिव्हॉल्व्हर नुकतंच घासलेलं, एकदम तयार. बाबा म्हणाले, देवच पावला.

कारागीर आंबा घाटातून एस.टी.ने आले. वळणांनी गाडी लागली होती, म्हणून पहिला अर्धा तास मागच्या दारी चूळ भरण्यात गेला. ठेंगणे, पांढऱ्या मिशा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. चहा घेऊन जरा माणसांत आल्यावर ते जमिनीवर बैठक मारून बसले. पिशवीतून पांढरं फडकं काढून पसरलं, त्यावर भिंग, बॅटरी, दोन बारीक पेचकस. मग हात पुसून बाबांना म्हणाले, "हात लावू का?"

मला त्या माणसाबद्दल तिथल्या तिथे आदर वाटला. मला बघायला आलेल्या सात मंडळींपैकी एकानेही काही करण्याआधी विचारलं नव्हतं. एका बाईंनी तर माझी वेणी ओढून पाहिली होती.

बाबांनी रेशमी फडक्यातून रिव्हॉल्व्हर काढून समोर ठेवलं. खिडकीतून ऊन येत होतं. छतावर कवडसा नाचायला लागला.

कारागिरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दिपले.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "ह्ये कुणी केलं?"

"घरातच होतं," बाबा फुलून म्हणाले. "दर वर्षी. एक वर्ष चुकलेलं नाही."

"कशानं?"

"आमसूल आणि राख."

कारागीर कपाळाला हात लावून बसले. आमच्याकडे कुणी गेल्याची तार आली की माणसं तशी बसतात. मग त्यांनी बाबांना समजावून सांगायला घेतलं, आणि आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. हत्यार कारखान्यातून निघतं तेव्हा त्याच्या लोखंडावर निळसर काळं पाणी चढवलेलं असतं. शौकीन सगळ्यात आधी ते पाणी बघतो. शंभर वर्षांनी ते जिथे हाताने झिजलं असेल तिथे झिजलेलं चालतं, उलट आवडतं. जिथे राहिलं असेल तिथे राहिलेलं हवं असतं. मूळच्या पाण्यावर गंजाचा डाग असला तरी चालेल, पण कुणी उजळवलेलं चालत नाही.

"लोकं त्येचं वय बगाया येत्यात," ते म्हणाले. "आन् तुमी त्येचं वयच धुऊन काढलंय की वो."

तरी माणूस कामाचा पक्का. त्यांनी सगळं पाहिलं. रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडलं, बिजागरी हलवून बघितली. चक्री एकेक घर फिरवून प्रत्येक घर आपल्या जागी घट्ट बसतं का ते पाहिलं. सांगाड्यावरचा नंबर आणि चक्रीवरचा नंबर ताडून बघितला. दोन्ही एकच, पण आमसुलाने इतके गुळगुळीत झालेले की भिंगाखाली कागद ठेवून पेन्सिल घासावी लागली. पेचांच्या खाचा पाहिल्या. कुणी कधी खोललेलं नव्हतं. मुठीच्या नक्षीत सुई घालून त्यांनी पिवळं-तांबडं काहीतरी उकरलं आणि फडक्यावर टाकलं. पन्नास वर्षांची हळद-कुंकवं तिथे जमा झालेली. चार सवाष्णींना पुरलं असतं.

नळीत खालून पांढरा कागद धरून त्यांनी बॅटरी मारली आणि पहिल्यांदा त्यांची मान होकारार्थी हलली. "नळी झकास. आतले आटे नव्या नवरीगत. ह्यातनं दोन-चार बार उडालं असतील तर उडालं."

"एकच," बाबा म्हणाले. "एकाच गोळीत—"

"वाघ. सांगितलंय मला तुमच्या भावानं. गुरुजी, राग मानू नगा. गोष्ट लोकं फुकट देत्यात, म्हनून तिचा भाव शौकीन धरत न्हाई. हत्यार काय बोलतंय त्ये बगायचं."

बाबांचा चेहरा उतरला आणि मग तो राग कुणावर तरी निघायला हवा, म्हणून आत्यावर निघाला. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाबा तिच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ताय? पन्नास वर्षं घास घास घासलंस. वाट लावलीस सगळ्याची. कुणी सांगितलं होतं तुला एवढं घासायला?"

आत्याने एक खडा उचलून बाजूला टाकला.  मला बाबांचा राग आला, कारण पन्नास वर्षं 'कालच घेतल्यासारखं' म्हणून मिरवणारे तेच होते.

कारागीर मध्ये पडले. "ऱ्हाऊ द्या. चालत असंल तर कोन तरी घील. चालू हाय का बगूया. एक पेन्सिल द्या बरी."

बाबांच्या खिशात त्यांची तांबडी-निळी पेन्सिल असायचीच. कारागिरांनी रिकामं रिव्हॉल्व्हर नळी आढ्याकडे करून धरलं आणि ती पेन्सिल बोथट बाजू खाली करून नळीत सोडली. म्हणाले, घोडा आपटला की त्याच्या टोकावरची चोच भोकातून पुढे येते आणि काडतुसाच्या बुडाला टोचते. काडतूस नसलं तर ती पेन्सिलीला टोचेल आणि पेन्सिल उडेल. आढ्यापर्यंत जाते कधी कधी.

बाबा म्हणाले, "चाप ओढायचा नसतो आमच्याकडे."

"का?"

"देवाचा कौल," एवढं म्हणून बाबांनी समोरच्या भिंगाकडे आणि बॅटरीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "ओढा."

टक्.

पेन्सिल जागची हलली नाही. आम्ही तिघंही आढ्याकडे बघत होतो. कारागिरांनी पुन्हा घोडा चढवला. टक्. पुन्हा. टक्. तिसऱ्यांदा त्यांनी नळी खाली केली आणि पेन्सिल आपली आपणच घरंगळून फडक्यावर पडली.

घोडा मागे खेचून त्यांनी त्याच्या टोकावर भिंग धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. घोड्याच्या टोकाला जिथे चोच असायला हवी होती, तिथे छोटंसं सपाट टेकाड होतं. मोडलेलं नव्हतं. सपाट केलेलं होतं, अगदी सफाईने.

"कानशीनं घासलंय," ते म्हणाले. "आन् ही लोहाराची कानस न्हवं. बारीक हाय. सोनाराची. जुनं काम हाय, लई जुनं. गुरुजी, ह्ये हत्यार पन्नास वर्सात कवाच उडालं नसनार. उडूच शकत न्हवतं."

 बाबा म्हणाले, "अशक्य. कोण कशाला असं करील?"

"आयेनं केलान," आत्या म्हणाली.

ती सुपातून मान वर न करता बोलली. तांदूळ निवडणं चालूच होतं.

आता तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ती तुटक तुटक बोलली, मध्येच खडे काढत. सासरी नवरा मारायचा. पहिल्यांदा ती पळून आली तेव्हा आजोबांनी तिला दुसऱ्याच दिवशी परत नेऊन घातलं आणि आल्यावर घरात सगळ्यांसमोर सांगितलं, की पुन्हा दारात दिसली तर गोळी घालीन, माझ्या घराण्याची अब्रू आहे. मीठ खात्यातल्या शिपायाच्या घराण्याची अब्रू. आजीला नवरा ठाऊक होता आणि लेकही ठाऊक होती. लेक परत येणार, आणि हा बोलल्याप्रमाणे करणार. नथ दुरुस्त करायची म्हणून ती तांदळाच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर घालून सोनाराकडे गेली.

"सोनारानं ऐकलं कसं?" मी विचारलं.

"त्याला तीन लेकी व्हत्या," आत्या म्हणाली. "त्यानं काय इचारलान नाय."

चार महिन्यांनी आत्या पुन्हा आली. मंडणगडाकडून चालत दाभोळ, तिथून तरीने खाडी ओलांडून, पुढे पुन्हा चालत. पाचव्या दिवशी अंगणात पोचली. आजोबा पडवीत होते. आत गेले, रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आले, आणि पाच पावलांवरून तिच्यावर धरून चाप ओढला.

"टक् झाला," आत्या म्हणाली. "आताच झाला ना, तसाच. मी आयेकडं बगितलंय. ती चुलीफुडं व्हती, दारातनं दिसायची. तिनं मान वर केलान नाय. भाकरी परतलान."

आजोबांनी पुन्हा ओढला. पुन्हा टक्.  आमच्या हवेत मीठ सर्दतं, काडेपेटी सर्दते, पापड सर्दतो; काडतूस सर्दलं असेल असं कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात आलं असतं. पण आजोबा पडले गावचे मानकरी. दोनदा चाप ओढून गोळी सुटली नाही, म्हणजे हा सरळ सरळ देवाचा कौल. अंगणात त्यांनी लेकीपुढे नारळ फोडला आणि देवाला हात जोडले. ती राहिली. देवाने एकदा कौल दिला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो, म्हणून तो चापही पुन्हा ओढायचा नाही. सोनाराच्या कानशीवर देवाचा शिक्का बसला.

"आणि घासायचं?" मी विचारलं. "ते कशाला?"

आत्याने पहिल्यांदा वर पाहिलं, आणि माझ्याकडे नाही, बाबांकडे. "सगळा हत्यार काळा. आन् कानस लावली तिथं तांदळाच्या दान्याएवढी जागा चमकायची. बापसाची नजर कवा तरी गेली असती. आये म्हनाली, एक जागा लपत नाय, तर सगळाच उजळ करूया. आली खंडेनवमी, तिनं आमसूल लावलान. बापूस खूश! रुप्यासारखा झाला म्हनून गावभर दाखवत फिरला. आये गेली तवा मला सांगून गेली, घासायचा सोडू नको."

म्हणजे बापसाला कळू नये म्हणून, आणि बाप गेल्यावर त्याच्या मुलाला कळू नये म्हणून. बाबांनी पन्नास वर्षं जी चमक मिरवली, ती आत्याने त्यांच्यासाठीच राखली होती.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं, "आणि वाघ?"

आत्याने सूप पाखडलं. "वाघ आलावता रे. खोटं नाय. वाघ वरच्या अंगानं पळाला आन् बापूस खालच्या."

मी हसले. मला आवरलं नाही. कारागिरांच्या मिशा हलायला लागल्या. आणि मग बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. त्यांनी उठून आत्याजवळ उंबऱ्याशी बसकण मारली आणि सुपातले खडे काढायला लागले. चष्म्याशिवाय. तांदूळच जास्त टाकत होते. आत्याने त्यांना टाकू दिले.

मला आजोबांचा राग आला. अजून आहे. हार घातलेल्या माणसावर रागवायचं नसतं असं म्हणतात; मी त्या दिवसापासून त्या फोटोसमोरून जाताना जीभ काढते.

कारागिरांनी सामान आवरलं. जाताना त्यांनी बाबांना दोन वाटा सांगितल्या. शौकीन हे घेणार नाही. पाणी गेलेलं, नंबर पुसट, चोच नाही. पण हे हत्यार म्हणून कायमचं निकामी आहे, असा दाखला ते देऊ शकत होते, फक्त नळी बंद करून आणि तो घोडा तसाच ठेवून. तो दाखला कचेरीत मानला गेला तर हा नुसता जुना लोखंडाचा तुकडा ठरतो आणि घरी राहू शकतो. नाहीतर जमा करायचं, गप्प बसायचं, आणि वाघ तसाच ठेवायचा.

"दाखल्यात समदं लिवावं लागंल गुरुजी," ते म्हणाले. "कसं निकामी, कवापास्नं निकामी. वाघ ऱ्हात न्हाई मग."

 शेल्फवर मी टाइप केलेली पट्टी होती, नरभक्षक वाघाची. त्यांनी ती घेतली, उलटी केली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "लिही. कच्चं लिही, मग टाइप कर. तीन प्रती."

दाखला मीच टाइप केला. कारागिरांनी सही करून पाठवला. नळीही त्यांनीच बंद करून दिली. महिनाभराने बाबा आणि मी कचेरीत गेलो.

तोच कारकून होता. माझ्याच वयाचा, कानाला पेन्सिल, टेबलावर नोंदवही. मागे सात-आठ माणसं उभी, कुणी बंदुकीच्या परवान्याला, कुणी कशाला. त्याने दाखला वाचला आणि वही उघडली. "निकामी झाल्याचं कारण एका शब्दात लागतं इथे. गंज, अपघात की झीज?"

"आईने केलं," बाबा म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या."

कारकुनाने पेन्सिल कानावरून काढली. "कशासाठी?"

मला वाटलं, बाबा आता आवाज खाली करतील. पण त्यांनी उपरणं सारखं केलं, आणि वर्गात वाघ सांगताना उभे राहायचे तसे उभे राहिले. म्हणाले, "माझे वडील माझ्या बहिणीला गोळी घालणार होते. आईने आधीच सोनाराकडून चोच घासून घेतली. वडिलांनी दोनदा चाप ओढला. माझी बहीण आज सत्तरी ओलांडलेली आहे, घरी आहे, तिने आज कुळथाचं पिठलं केलंय."

मागचा एक जण नीट ऐकायला पुढे सरकला. कारकून बाबांकडे बघत राहिला, मग वहीकडे, मग पुन्हा बाबांकडे. त्याला तो रकाना एका शब्दात भरायचा होता. त्याने पेनाचं टोपण काढलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: घरगुती.

घरी आलो तेव्हा आत्या मागच्या दारी होती. तिने विचारलं, काय लिवलान? बाबांनी सांगितलं. तिने पदराने हात पुसले.

"बराबर लिवलान," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा गो, त्या करवंटीतली आमसुला टाक आता."

मी ती माडाच्या आळ्यात टाकून आले.